आवाज झाला की आधी बॉम्बच का आठवतो?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): या ताई डोंबिवलीतल्या एका सात मजली जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. मध्यंतरी रात्री पावणेदहाच्या सुमारास खाली मोठा आवाज झाला आणि अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली. दोन मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'बॉम्ब आहे', 'अटॅक झालाय, कोणी दार उघडू नका', 'फोन सायलेंट करा, लाइट लावू नका' असे मेसेज सुरू झाले. बऱ्याच जणांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, काहींनी मोबाइलवर न्यूज चॅनेल लावून 'डोंबिवलीचं काही दाखवतायत का' ते बघत बसले, काही जण अंधारात जिन्याने धावत सुटले. प्रत्यक्षात मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली होती आणि धूर जिन्यातून वर चढत होता. फायर ब्रिगेडला पहिला फोन केला तो समोरच्या पानटपरीवाल्याने, तोही बऱ्याच उशिरा. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी आतल्या खोलीत दार लावून अंधारात बसल्या होत्या, फायरवाल्यांनी हाका मारल्या तरी भीतीने त्यांनी ओ दिली नाही, धुरामुळे त्यांना हॉस्पिटलात राहावं लागलं. पळापळीत एका काकांचा पाय मोडला. पार्सल द्यायला आलेल्या एका मुलाला गेटवर लोकांनी धरून ठेवलं होतं, 'पण नंतर सोडलं'. आता चेअरमन म्हणतायत की ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करा, पुढच्या वेळी काही झालं तरी लोकांना लगेच काही सांगायचं नाही कारण ते पॅनिक होतात, आणि भाडेकरूंची कडक चौकशी सुरू करा. घरी सासरे पहलगामपासून दिवसभर न्यूज लावून बसतात, नऊ वर्षांचा मुलगा फटाका वाजला तरी आईला येऊन चिकटतो. ताई विचारतात, लोकं इतकी घाबरट आणि बेशिस्त का झालीयेत, त्यांना कंट्रोल कसं करायचं, आणि घरातला टीव्ही बंदच करून टाकू का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला राहून राहून त्या आजीच आठवत राहिल्या, आतल्या खोलीत बसलेल्या, बाहेर सोडवायला आलेली माणसं हाका मारतायत आणि आपण ओ द्यायची नाही असं मनाशी ठरवलेल्या. त्यांना घाबरट कसं म्हणायचं? घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही, त्या मात्र अगदी ठरवून वागत होत्या. दार लावलं, दिवा लावला नाही, फोन गप्प केला, आवाज आला तरी हलल्या नाहीत. हे सगळं त्यांना कुठून तरी माहीत होतं.

कुठून ते आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. २६/११ ला कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी घुसले तेव्हा अंजली कुलथे या स्टाफ नर्सने आपल्या वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना एका टोकाच्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं, दारं लावली, दिवे बंद केले, आणि सगळ्याजणी वाचल्या. तिथे तेच बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर. बंदूकवाला माणूस बाहेर फिरत असेल तर दिसायचं नाही, ऐकू जायचं नाही. पण आग लागली की हिशोब पूर्ण उलटा होतो. तेव्हा तुम्ही दिसायला पाहिजे, ऐकू यायला पाहिजे, कुठल्या मजल्यावर कुठल्या खिडकीत आहात ते खालच्या माणसाला कळायला पाहिजे. म्हणजे तुमच्या बिल्डिंगमधली माणसं चुकीची वागली हे खरं, पण ती वेड्यासारखी वागली नाहीत, त्यांनी दुसऱ्याच संकटाचा धडा या संकटात वापरला. आणि तो धडा आपल्याला इतका पाठ झालाय कारण तो एकच आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवला गेलाय. मीटर रूमला आग लागली तर काय करायचं हे तुमच्या टीव्हीने कधी सलग तीन दिवस दाखवलंय का? २६/११ मात्र २६ च्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत, जवळपास साठ तास, घराघरात लाइव्ह चालू होतं, आणि नंतर दरवर्षी त्याचे तुकडे म्युझिक लावून परत दाखवले जातात.

(दार लावून घेणं सरसकट चूक होतं असं मी म्हणत नाहीये, हे आधीच स्पष्ट करते, नाहीतर कोणीतरी हे वाचून पुढच्या वेळी धुराने भरलेल्या जिन्यात उतरेल. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबायचं, दार बंद ठेवायचं, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा. पण मग रस्त्याकडच्या खिडकीत किंवा बाल्कनीत यायचं, टॉर्च हलवायचा, ओरडायचं, फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगायचा. आजींनी पहिला भाग केला आणि दुसरा नेमका उलटा केला. काकांनी तर जिना धरला, अंधारात.)

त्या साठ तासांचा विषय निघालाच आहे तर थोडं बोलते, कारण चॅनेलवाल्यांना नुसत्या शिव्या घालून आपलं काम होत नाही, नेमकं काय बिघडलं ते बघायला हवं. त्या लाइव्ह कव्हरेजबद्दल सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबच्या निकालात स्पष्ट नाराजी लिहिलीये. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपलेच चॅनेल बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते, कमांडो कुठे उतरतायत ते सगळं दिसत होतं. मग २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमात बदल झाला की अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच द्यायचं. हा नियम चांगलाच आहे, पण तो जवानांच्या जिवासाठी आहे. प्रेक्षकाच्या डोक्यात काय बसतं त्याच्यासाठी कुठलाच नियम नाहीये. मे २०२५ मध्ये बघा, ७ तारखेला देशभर मॉक ड्रिल झालं आणि त्या दिवसांत कित्येक चॅनेल स्टुडिओतच हवाई हल्ल्याचा सायरन वाजवायला लागले, चर्चेच्या मध्ये, ब्रेकिंगच्या पट्टीबरोबर. शेवटी सिव्हिल डिफेन्सच्या वरिष्ठ कार्यालयाला लिहून कळवावं लागलं की कृपा करून कार्यक्रमात सायरनचे आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खरा वाजला तर कोणी मनावर घेणार नाही. तुमचे सासरे तेव्हाही हॉलमध्ये बसलेले असणार आणि तुमचा मुलगा शेजारी होमवर्क करत असणार.

यावर एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनला बॉम्ब फुटले, त्यानंतर तिथल्या संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली. त्यात दिसलं की नंतरच्या आठवड्यात जी माणसं रोज सहा-सहा तास किंवा त्याहून जास्त त्याच बातम्या बघत होती, त्यांच्यात तणावाची लक्षणं प्रत्यक्ष त्या ठिकाणी किंवा जवळपास असलेल्या लोकांपेक्षाही जास्त होती. स्फोटाच्या जागी असलेल्या माणसापेक्षा सोफ्यावर बसलेला माणूस जास्त हललेला! मला हे वाचून आधी पटेना, मग विचार केला तर पटलं, कारण तिथे असलेल्या माणसासाठी ते संपतं, तो घरी येतो, कोणीतरी पाठीवर हात ठेवतं, आणि टीव्हीपुढे बसलेल्यासाठी तोच धूर दर दहा मिनिटांनी नव्याने येत राहतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या डोंबिवलीत भीती काही टीव्हीमुळेच नाहीये. बरोबर आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जी २६ माणसं गेली त्यात तीन डोंबिवलीची होती. त्यांच्या अंत्ययात्रेला अख्खं गाव रस्त्यावर होतं, तुमच्यातल्या कोणी ना कोणी त्यांना भाजीच्या गाडीवर, लोकलच्या डब्यात बघितलेलं असणार. ज्या गावावर हे गुदरलंय त्या गावातल्या लोकांना मी 'उगाच घाबरता' असं कधीच म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका, सासऱ्यांना तर बिलकुल म्हणू नका. पण डोंबिवलीचीच दुसरी बाजू आठवून बघा. मे २०१६ मध्ये एमआयडीसीत केमिकल कंपनीत स्फोट झाला, लांबलांबच्या बिल्डिंगच्या काचा फुटल्या. मे २०२४ मध्ये परत तसंच झालं, परत माणसं गेली. म्हणजे तुमच्या गावात मोठा आवाज आला तर तो बॉम्बचा असण्यापेक्षा एमआयडीसीचा, विजेच्या डीपीचा, गॅस सिलिंडरचा किंवा तुमच्या स्वतःच्या मीटर रूमचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, हे तुमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने स्वतः अनुभवलंय. तरीही ग्रुपवर पहिला शब्द आला तो बॉम्ब. मला पत्रातली सगळ्यात मोठी काळजीची गोष्ट ही वाटते. ज्या गोष्टी खरंच घडल्या त्यांची उजळणी कोणी केली नाही, टीव्हीवर त्या दोन दिवस आल्या आणि गेल्या, आणि जी गोष्ट रोज दाखवली जाते तीच पटकन तोंडावर आली.

आणि एमआयडीसीत काही झालं तर काय करायचं तेही वेगळंच आहे बरं का. तिथे काचेपासून लांब व्हायचं, कारण बरेच जण पहिला आवाज ऐकून खिडकीत बघायला जातात आणि मग काच अंगावर येते. वास यायला लागला तर खिडक्या लावायच्या, एक्झॉस्ट आणि एसी बंद करायचे, आणि काही झालं तरी व्हिडिओ काढायला तिकडे जायचं नाही. बघा, प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आहे, आगीत खिडकीपाशी या, केमिकलच्या वेळी खिडकी बंद करून लांब व्हा, म्हणून आधी 'हे नेमकं काय आहे' हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं.

इथून मी चेअरमन साहेबांच्या मुद्द्यावर येते, लोकांना सांगू नका, पॅनिक होतात. हा समज फार जुना आहे आणि फक्त तुमच्या चेअरमनचा नाही, मोठमोठे अधिकारी पण असंच धरून चालतात. पण संकटात सापडलेल्या लोकांचा ज्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केलाय ते सांगतात की लोकं एकमेकांना तुडवत सुटतात असं क्वचित होतं, बहुतेक वेळा अनोळखी माणसं एकमेकांना धरून बाहेर काढतात. जुलै २००५ मध्ये लंडनच्या मेट्रोत बॉम्ब फुटले, बोगद्यात अंधार, धूर, तिथून वाचलेल्यांशी बोलून संशोधकांनी हेच लिहिलं. आणि आपल्याला लंडनला जायची गरजच काय? त्याच महिन्यात, २६ जुलैला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या रात्री लोकांनी साखळी करून माणसं पार केली, ओळख ना पाळख, घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली. पुढच्या वर्षी ११ जुलैला वेस्टर्नच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा पोलीस-अ‍ॅम्ब्युलन्स पोचायच्या आधी रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि जखमींना त्यात उचलून नेलं. हीच लोकं. तीच लोकं तुमच्या सोसायटीत राहतात.

मग तुमच्याकडे त्या रात्री काय कमी पडलं? मला वाटतं एक माणूस कमी पडला. ज्याने स्वतः डोळ्यांनी बघितलंय आणि जो साध्या शब्दांत सांगेल असा एक माणूस. २६/११ लाच सीएसटीवर असा माणूस होता, विष्णू झेंडे, रेल्वेचे अनाउन्सर. वरच्या केबिनमधून त्यांना खाली काय चाललंय ते दिसत होतं आणि ते माइकवरून सांगत राहिले की स्टेशनात येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. सांगितलं म्हणून चेंगराचेंगरी झाली का? नाही. लोकं सांगितलं तिकडून बाहेर पडली, किती जीव वाचले त्याचा हिशोब नाही. चेअरमन साहेबांना हे जरूर सांगा. माणसांना माहिती दिली म्हणून ती बिथरत नाहीत, माहिती न मिळाल्यामुळे बिथरतात, आणि ती रिकामी जागा मग ज्याच्या हातात फोन आहे तो भरतो.

उलटं उदाहरण हवं असेल तर नोव्हेंबर २०१७ मधलं लंडनचं ऑक्सफर्ड सर्कस घ्या. त्या वर्षात तिथे लागोपाठ हल्ले झाले होते, शहर आधीच धसकलेलं, सेलची संध्याकाळ, प्रचंड गर्दी. मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर दोन माणसांची बाचाबाची झाली, कोणीतरी पळालं, ते बघून दुसरे पळाले, गोळीबार झाला असं पसरलं, ते ऑनलाइन गेलं, तिथून परत रस्त्यावर आलं, दुकानांत लोकं शटर ओढून लपली. एकही गोळी सुटली नव्हती, आणि सोळा जण जखमी झाले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, चेन ओढली गेली, लोकांनी खाली उड्या टाकल्या आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस येत होती. बारा-तेरा माणसं गेली. त्यात अतिरेक्यांचा काही संबंध नव्हता, पण ही माणसंसुद्धा मूर्ख नव्हती हो, त्यांना फक्त डब्यात काय चाललंय आणि शेजारच्या रुळावर काय येतंय हे सांगणारं कोणी नव्हतं.

म्हणून ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करू नका. तो बंद केलात तर लोकं दुसरे चार ग्रुप काढतील, ज्यात तुम्ही नसाल. त्यापेक्षा असं करा की विंगेत तीन-चार माणसं ठरवा जी बहुतेक वेळ घरी असतात, आणि आवाज झाला, वास आला, काही झालं तर त्यातलं जे जवळ असेल त्याने लांबून का होईना बघायचं आणि जे दिसतंय तेवढंच लिहायचं. मेसेज कसा असावा ते सांगते: '९.४७. मीटर रूममध्ये आग आहे. मी अमुक, गेटजवळून बघतोय. १०१ ला फोन केलाय. जिन्यात धूर आहे, उतरू नका, दार बंद ठेवा, खिडकीत या.' बस. वेळ, काय दिसतंय, कोणी बघितलं, फोन झाला की नाही, आता काय करायचं. पाच गोष्टी. यात 'बहुतेक', 'ऐकलंय', 'न्यूजवर येतंय' काही नाही. आणि अजून कळलं नसेल तर तेही लिहायचं, 'आवाज कसला ते कळलं नाही, बघतोय, दोन मिनिटांत सांगतो.' हे लिहिणं फार मोठं काम करतं, लोकांना कळतं की कोणीतरी बघतंय. बाकीच्यांनी ग्रुपवर लिहायला बंदी नको, फक्त एक सवय लावा, की ज्याने कोणी 'बॉम्ब' लिहिलं त्याला लगेच कोणीतरी विचारायचं, तुम्ही स्वतः बघितलं का? रागाने नाही, नुसतं विचारायचं.

आणि फोन. बातमी बघायच्या आधी फोन. तुमच्याकडे एवढ्या फ्लॅटमधून एकाही घरातून फायर ब्रिगेडला फोन गेला नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला असेल, किंवा असं वाटलं की एवढं मोठं झालंय म्हणजे सरकारला कळलंच असणार, टीव्हीवर येईलच. हे पण टीव्हीनेच शिकवलंय, की मोठी घटना म्हणजे कॅमेरे आधीच तिथे असतात. तसं नसतं. पानटपरीवाल्याने फोन केला नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही (त्याला सोसायटीने बोलावून सत्कार केलात का? केला नसेल तर करा, आणि त्याचा नंबर तुमच्या यादीत घ्या). १०१ फायर, ११२ सगळ्यासाठी, १०८ अ‍ॅम्ब्युलन्स, १९१२ लाइटसाठी, १९०६ गॅस लीकसाठी, एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून लिफ्टच्या बाहेर आणि प्रत्येकाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. दाराच्या आत, कारण त्या वेळी मोबाइलवर शोधायला सुचत नाही. दहा जणांनी एकदम फोन केला तरी काही बिघडत नाही.

आता त्या पार्सलवाल्या मुलाबद्दल. तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहिलंय, 'धरून ठेवलं होतं, पण नंतर सोडलं.' त्याचं नाव काय होतं, त्याला का धरलं, हे तुम्ही लिहिलं नाहीये आणि मी तुम्हाला त्याबद्दल दोष देत नाही, पण मला वाटतं तुम्हाला ते आतून टोचतंय म्हणूनच तुम्ही लिहिलंत, नाहीतर गाळलं असतं. बॉम्ब हा शब्द एकदा आला की त्याच्या मागोमाग बॉम्ब ठेवणारा कोण हा प्रश्न येतोच, आणि मग जो अनोळखी आहे, ज्याच्या पाठीवर बॅग आहे, ज्याचं नाव वेगळं आहे, तो समोर असतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते आपण विसरता कामा नये. मुलं पळवणारी टोळी आलीये असे मेसेज महिनाभर फिरत होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला गावात आली होती, गर्दीने त्यांना मारून टाकलं. तुमच्या गेटवर तसं काही झालं नाही, देवाची कृपा, पण त्या मुलाच्या बाजूने ती वीस मिनिटं कशी गेली असतील? त्याची तर काहीच चूक नव्हती, उलट तो तेवढ्या वेळात फायर ब्रिगेडला फोन करू शकला असता.

त्याला शोधा. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्याची एंट्री असेल, ज्या फ्लॅटचं पार्सल होतं त्यांच्याकडे ऑर्डर असेल. चेअरमन आणि तुम्ही, दोघांनी, त्याला सांगा की आमचं चुकलं. त्याच्या कंपनीत यामुळे त्याच्यावर काही आलं असेल तर लेटरहेडवर लिहून द्या. आणि ज्यांनी धरलं त्यांना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झोडपू नका, पण हे बोलणं टाळूही नका. मी तुमच्या जागी असते तर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय हाच ठेवला असता, मीटर रूम दुसरा.

भाडेकरूंची माहिती पोलीस स्टेशनला द्यायचीच असते, ती सगळ्यांची द्या, कोणाचं नाव काय ते न बघता, आणि विषय संपवा. त्या चौकशीने मीटर रूमची आग थांबली नसती. ती कशाने थांबली असती ते बघू. मीटर रूममध्ये त्या दिवशी काय काय ठेवलं होतं? माझा अंदाज आहे की जुन्या सायकली, रंगाचे डबे, गणपतीच्या डेकोरेशनचं थर्माकोल, कोणाचं तरी कपाट, कारण जवळपास प्रत्येक जुन्या सोसायटीत हेच असतं. ते सगळं आजच्या आज बाहेर काढा. बिल्डिंग बांधली तेव्हा घरोघरी एसी नव्हते, आता प्रत्येक फ्लॅटमध्ये एक-दोन आहेत, वायरिंग मात्र तेच, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून लोड चेक करून घ्या. महाराष्ट्रात २००६ चा फायर सेफ्टीचा कायदा आहे, ज्या बिल्डिंगला तो लागू होतो तिथे दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी (म्हणजे आग विझवायची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला) द्यायचा असतो. तुमच्या फाइलमध्ये शेवटचा फॉर्म बी कधीचा आहे ते काढून बघा. सात मजल्यांची बिल्डिंग आहे, आग विझवायचे सिलिंडर भरलेले आहेत का, ते चालवता कोणाला येतं, जिन्यातल्या खिडक्या कोणी लोखंडी जाळी लावून बंद केल्यात का, गच्चीची चावी कोणाकडे असते. रात्री पावणेदहाला ती चावी कुठे होती? हे प्रश्न कंटाळवाणे आहेत, यावर कोणी चॅनेल चर्चा करणार नाही, पण आजींचा जीव याच्यावर अवलंबून होता.

आणि एक ड्रिल घ्या, रविवारी सकाळी, आधी सांगून. अचानक सायरन वाजवून लोकांना दचकवायचं नाही, आधीच पुरेसे दचकलेत. नुसतं सगळ्यांनी जिन्याने उतरायचं, कोणाला उतरता येत नाही त्यांची यादी करायची, प्रत्येक मजल्यावर अशा माणसाच्या नावापुढे शेजारच्या घराचं नाव लिहायचं. आजींच्या नावापुढे कोणाचं तरी नाव त्या रात्री असतं तर त्या माणसाने दार वाजवून 'आजी मी आहे' एवढं म्हटलं असतं आणि त्यांनी ओळखीचा आवाज ऐकून दार उघडलं असतं.

घरचं राहिलं. टीव्ही बंद करून टाकू नका, सासऱ्यांच्या हातातून रिमोट काढून घेणं हा त्यांचा अपमान होईल आणि ते तेच सगळं मोबाइलवर बघतील, मोठ्या आवाजात. त्यांना वाटतं बघत राहिलं की आपण सावध राहतो, काहीतरी करतोय. मग खरंच काहीतरी करायला द्या. वर जी तीन-चार माणसं म्हटली, दिवसा घरी असणारी, त्यात पहिलं नाव त्यांचं घाला. नंबरांचे कागद तेच लावतील, सिलिंडरची तारीख तेच बघतील. आणि त्यांना २६ जुलै किंवा ११ जुलैबद्दल विचारा, त्या पिढीतल्या प्रत्येकाकडे त्या दिवसांची काहीतरी आठवण असते, बहुतेक वेळा त्यात कोणीतरी कोणाला मदत केलेली असते, आणि ते टीव्हीवर कधी येत नाही. नातवासमोर विचारा. बातम्यांसाठी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास ठरवा, मुलगा शाळेत किंवा खाली खेळायला असतानाची वेळ, आणि जेवताना बंद. हे त्यांच्याशी बोलून ठरवा, मुलाचं कारण सांगा, नातवासाठी आजोबा ऐकतात.

मुलाला 'काही होत नाही रे, घाबरू नको' असं सांगून भागणार नाही, कारण त्या रात्री खरंच काहीतरी झालं होतं आणि त्याने ते बघितलंय. त्याला खरं सांगा, की आपल्या मीटर रूममध्ये वायर जळली, कुठे जळली ते त्याला दिवसा नेऊन दाखवा, काळी झालेली भिंत बघू दे. टीव्हीवर जे स्फोट दिसतात ते जुने आहेत, तेच तेच परत दाखवतात, हेही सांगा, नऊ वर्षांच्या मुलाला कधी कधी वाटतं की ते परत परत होतंय. ड्रिलमध्ये त्याला टॉर्चचं काम द्या, खिडकीत उभं राहून टॉर्च कसा हलवायचा ते त्याने मजल्यावरच्या दोन मुलांना शिकवावं. तरीही महिना-दोन महिन्यांत झोप, खाणं, शाळा यावर परिणाम दिसत राहिला तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही. हीच गोष्ट आजींना पण लागू आहे. त्या घरी आल्या असतील तर कोणीतरी रोज जाऊन बसा त्यांच्याशी, आणि हे वाचून दाखवलंत तर त्यांना माझ्याकडून एवढंच सांगा की त्यांनी जे केलं ते त्यांना जे शिकवलं गेलं त्याप्रमाणे अगदी चोख केलं, फक्त पुढच्या वेळी फायरवाल्याने हाक मारली की जोरात ओ द्यायची.